गणपतीला गावी जाताना बॅगेत कोणता तानपुरा न्यायचा?

गणपती आठवड्यावर आले की आमच्या चिंचवडच्या घरात दरवर्षी एकच वाद होतो: बॅगेत काय न्यायचं आणि काय नाही. वल्लभनगर आगारातून एसटी पकडायची, चिपळूणजवळच्या गावी उतरायचं, पुढे रिक्षा. माणशी एक बॅग, त्यापेक्षा जास्त परवडत नाही. आणि बाबांना संध्याकाळच्या भजनाला सूर हवा असतो.

गावी पेटी आहे, पखवाज आहे, टाळ तर घरोघरी आहेत. नाही तो फक्त तानपुरा. मिरजेचा खरा तानपुरा जवळजवळ माणसाच्या उंचीचा, भोपळा जपावा लागतो. गणपतीच्या गर्दीत तो एसटीत घालायचा विचारही नको. म्हणून गेल्या वर्षी मी सोपा मार्ग काढला, फोनवर तानपुऱ्याचं ॲप. वजन शून्य, खर्च शून्य.

पहिल्याच संध्याकाळी बाबांनी दोनदा सा लावला आणि दोनदा थांबले. म्हणाले, "आवाज येतोय गं, पण सूर सापडत नाही." मी आवाज वाढवला, तर फोन करकरायला लागला. शेवटी काकांनी पेटीवर सा धरून ठेवला आणि भजन पार पडलं.

माझं पीएचडीचं काम यंत्रांच्या कंपनांवर आहे. बेअरिंग खराब होण्याआधी त्याचा आवाज कसा बदलतो, हे मी चाकणच्या कारखान्यांत जाऊन मोजते. आवाजाचे तुकडे करून बघणं हा माझा रोजचा धंदा, आणि घरच्या तानपुऱ्याकडे मात्र मी कधी तसं बघितलंच नव्हतं. यंदा बघितलं.

फोन नेमकं काय गाळतो?

बाबांचा सूर काळी एक, म्हणजे सा साधारण १३९ हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. आता फोनचा स्पीकर नखाएवढा. खालचे सूर ऐकू येण्यासाठी बरीच हवा ढकलावी लागते आणि एवढ्याशा पडद्याला ते जमत नाही. मी माझ्या फोनवर खालपासून वरपर्यंत सरकणारा एक सूर वाजवून बघितला. साधारण ३०० हर्ट्झच्या खाली तो झपाट्याने विरत गेला. तुमच्या फोनवर आकडा थोडा वेगळा येईल, गोष्ट तीच.

म्हणजे ६९ हर्ट्झचा खर्ज फोनमधून बाहेर येतच नाही. तरीही तुम्हाला-मला तो 'ऐकू' येतो. कसा? तार ६९ला हलते तेव्हा तिच्यासोबत १३९, २०८, २७७, ३४६ असे पटीतले सूरही निघतात. त्यातले वरचे तेवढे पोचले, तरी मेंदू त्यांच्यातलं समान अंतर ओळखतो आणि खालचा नसलेला सूर स्वतःच भरून काढतो. याला 'हरवलेला मूळ स्वर' म्हणतात.

तानपुऱ्याच्या बाबतीत ही युक्ती फार छान चालते, आणि त्याचं कारण सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली, नोबेलच्या ९ वर्षं आधी, कलकत्त्यात शोधलं होतं. साधारण तारवाद्यात तार जिथे छेडाल, त्या जागी ज्या पटीतल्या सुरांचा स्थिर बिंदू असतो, ते सूर निघत नाहीत. तानपुऱ्यात मात्र तेही निघतात. घोडीचा पसरट, किंचित गोल माथा आणि त्यावर तारेखाली सरकवलेला दोरा यांच्यामुळे तार घोडीला सतत चाटत राहते आणि ऊर्जा वरच्या सुरांत जात राहते. हीच जवारी. एका अर्थी तानपुरा म्हणजे वरच्या सुरांची खाण.

डग्ग्याचं तसं नाही. त्याची घुमक बरीचशी खालच्याच सुरात असते, वर फार काही उरत नाही. म्हणून फोनवर तबल्याचं ॲप लावलं की चाटीची टणटण ऐकू येते आणि डग्गा गायब होतो.

मग बाबांना सूर का सापडला नाही?

इथे मी चुकले होते. मला वाटलं, वय झालं. पण यंदा आम्ही बाबांच्या कानांची तपासणी केली. त्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा आहे, दोन्ही कानांत. बाबा ३१ वर्षं भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये होते. पत्र्यावर प्रेस आदळण्याचा आवाज, दिवसाचे आठ तास. आपल्याकडे कारखान्यांत ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अशा आवाजाने कानातल्या ज्या सूक्ष्म केसांच्या पेशी मरतात, त्या परत उगवत नाहीत. आणि पहिला घाव बहुतेक वेळा ४०००च्याच आसपास बसतो.

आता बेरीज करा. फोन खालचं गाळतो. बाबांचे कान जवारीचा वरचा झंकार गाळतात. उरतो मधला पट्टा, आणि त्याच पट्ट्यावर टाळ, माणसं आणि कौलांवरचा पाऊस यांचा गोंधळ. शिवाय असे कान गोंगाटातून एक सूर वेगळा काढायला कमी पडतात. आवाज वाढवून हे सुटत नाही, कारण जो भाग फोनमधून निघतच नाही, तो वाढणार कसा?

ब्लूटूथ चालेल का?

ब्लूटूथ स्पीकरवर आवाज नेहमी थोडा उशिरा पोचतो, साधारण दहाव्या भागापासून पाव सेकंदापर्यंत. ०.२ सेकंद धरले, तर त्या वेळात आवाज हवेतून ६८ मीटर जातो. म्हणजे पेटीवाला ६८ मीटर लांब बसून वाजवतोय असं समजा.

तानपुऱ्याला याने काहीच फरक पडत नाही, तो नुसता चालू असतो. तबल्याच्या ॲपलाही नाही, कारण आपण स्पीकरमधून येईल त्या ठेक्यामागे जातो. पण छोटा कीबोर्ड किंवा पॉकेट सिंथ हाताने वाजवून ब्लूटूथवर ऐकायचा म्हटलं की बोट आधी आणि सूर नंतर. तिथे वायरच हवी.

बॅटरीचं गणित

१०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे १० × ३.७ = ३७ वॉट-तास. जाता-येता गळती धरून ३० उरतात. छोटा स्पीकर सरासरी ३ वॉट खात असेल तर १० तास. गावी लाइट गेली तरी तीन संध्याकाळी निघतात. विमानाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: मर्यादा १०० वॉट-तासांची, आणि पॉवर बँक सोबतच्या बॅगेत, सामानात नाही.

यंदा काय नेतेय

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी हा एक चांगला पर्याय आहे. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९मध्ये पहिली लोकांसमोर आणली. तिचा फायदा म्हणजे स्पीकर फोनपेक्षा मोठा, आणि भजनाच्या मध्येच कुणाचा कॉल येत नाही. पण आमच्याकडे जुना फोन पडून होता, म्हणून मी तो एअरप्लेन मोडवर, तळहातापेक्षा मोठा पडदा असलेला वायरचा स्पीकर, आणि पॉवर बँक असं घेतलं. वजन दीड किलोच्या आत. कीबोर्ड घरीच, गावी पेटी आहे ना!

घेण्याआधी दुकानात एवढं करा: तुमचा खर्ज लावा, शेजारी कुणाला तरी मोठ्याने बोलायला सांगा आणि ज्यांना गायचंय त्यांनाच सा लावायला सांगा. आपल्या कानांवर ठरवू नका. मी गेल्या वर्षी तेच केलं होतं.

परवा घरी बाबांनी या स्पीकरसमोर, मिक्सर चालू असताना, एका फटक्यात सा लावला. गावी टाळांच्या मध्ये काय होतं ते आल्यावर लिहीन.

आणि एक. तुमच्या घरात कुणी प्रेस शॉपमध्ये, फोर्जिंगमध्ये, ग्राइंडिंगला असेल, तर स्पीकरच्या आधी त्यांच्या कानांची तपासणी करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. आम्ही ३१ वर्षांत एकदाही केलं नव्हतं.