तारामणीहून गावच्या भोंग्यापर्यंत

चेन्नईच्या तारामणी भागात एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशनचं मुख्यालय आहे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन यांना १९८७ मध्ये पहिला जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराच्या रकमेच्या आधारावर १९८८ मध्ये ही संस्था उभी राहिली.

१९९८ पासून संस्थेने पुदुच्चेरी परिसरात ग्राम माहिती केंद्रं सुरू केली. जागा आणि चालवणारी माणसं गावाची. संगणक, प्रशिक्षण संस्थेचं. केंद्राची जागा दलितांसह सगळ्यांना खुली हवी, ही अट होती आणि ती मला सर्वात मोलाची वाटते. टेलिफोनचा भरवसा नव्हता, म्हणून विल्लियनूरच्या मुख्य केंद्राशी गावं वायरलेसने जोडली. विजेला सौरपॅनेलची जोड दिली. धान्याचे भाव, पिकांवरचे रोग, सरकारी योजना अशी माहिती तमिळमधून मिळू लागली. वीरमपट्टिणम या किनाऱ्यावरच्या गावात कोळ्यांसाठी लाटांच्या उंचीचा अंदाज रोज भोंग्यावरून सांगितला जाई.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा सिंगापूरला कामाला गेलेल्या एका तरुणाने पुदुच्चेरी परिसरातल्याच नल्लवाडू गावी घरी फोन करून सावध केलं. गावकऱ्यांनी माहिती केंद्राच्या भोंग्यावरून लगेच इशारा दिला, किनारा रिकामा झाला आणि गाव वाचलं.

शेतीची अशी माहिती आपल्याकडच्या शेतकऱ्यांना फोनवर मिळते: किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. फोन मोफत. पिकाचं नाव, वय आणि पानावर नेमकं काय दिसतंय ते मराठीतच सांगा.