बुडणारा देश आणि बुडालेले गाव

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे हवामान परिषद भरली, तेव्हा तुवालू या देशाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी आपले भाषण गुडघाभर समुद्रात उभे राहून केले आणि त्याचे चित्रण परिषदेकडे पाठविले. अंगात कोट, गळ्यात टाय आणि विजार वर दुमडलेली. एखाद्या मंत्र्याने असे करावे, हा काहींना देखावा वाटला. तो देखावा होताच. परंतु ज्याच्या खात्याचा कारभार ज्या भूमीवर चालतो ती भूमीच पाण्याखाली चालली आहे, त्याने आणखी कोणता पुरावा सादर करावयाचा?

प्रशांत महासागरातील हा देश १९७८ साली स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस किलोमीटर, लोकवस्ती सुमारे अकरा हजार. संसदेचे सभासद १६, राजकीय पक्ष एकही नाही, आणि त्या सोळांपैकी जवळजवळ निम्मे मंत्रिमंडळात. जानेवारी २०२४ मध्ये तेथे निवडणूक झाली. निवडून आलेले काही सभासद खवळलेल्या समुद्रामुळे आपापल्या बेटांवर अडकून पडले आणि त्यामुळे पंतप्रधानाची निवड लांबली. अखेर फेलेती तेओ त्या पदावर आले. आपल्याकडे आमदारांना हॉटेलांत अडकवून ठेवावे लागते, तेथे ते काम वारा करतो!

या चिमुकल्या मंत्रिमंडळाचे गोडवे गाण्याचा मात्र हेतू नाही. निम्मे सभागृह सरकारात बसले की सरकारला जाब विचारणारे उरतात किती? दोघातिघांनी बाजू बदलली की सरकार कोसळते. २०१३ साली पंतप्रधान विली तेलावी संसद बोलावण्याचे टाळू लागले, तेव्हा गव्हर्नर जनरलला त्यांना पदावरून दूर करावे लागले. लहान असणे म्हणजे शहाणे असणे नव्हे. तरीही त्या मंत्रिमंडळात एक गोष्ट आहे: त्यातील प्रत्येक मंत्र्याचे घर त्याच पाण्याच्या काठी आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठाणे घोडेगाव येथे आहे. मग तालुक्याला ज्याचे नाव मिळाले ते आंबेगाव कोठे आहे, असा प्रश्न शाळेतील एखाद्या चौकस मुलाने विचारला तर शिक्षकांना डिंभे धरणाच्या जलाशयाकडे बोट दाखवावे लागते. घोड नदीवरील त्या धरणात मूळ आंबेगाव आणि त्याच्या आसपासची कित्येक गावे गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या वस्तीचे अवशेष वर येतात. पावसाळ्यात पुन्हा दिसेनासे होतात. जलाशयाला याच तालुक्याचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे.

डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही उरलेली चार जुन्नर तालुक्यात. या पाचांचे पाणी जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंत जाते. ऊस, कांदा, द्राक्षे यांची आज दिसणारी श्रीमंती या पाण्याची आहे, आणि ती खोटी नाही. परंतु हे पाणी साठविण्याचा निर्णय ज्या मंत्रिमंडळाने घेतला ते मुंबईत होते, लाभ खालच्या खोऱ्यात होता, आणि घरे गेली ती मुख्यतः पश्चिमेकडील महादेव कोळी आदिवासींची. तुवालूच्या बुडण्यात आणि आंबेगावच्या बुडण्यात हा मोठा भेद आहे. समुद्र ठराव करून चढत नाही. धरणाचे पाणी ठरावानेच चढते.

कोणी म्हणेल, तालुक्याला मंत्रिपद मिळाले नाही म्हणून हे झाले. हिशेब करून पाहू. २००३ सालच्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर बांधली. २८८ सभासदांच्या महाराष्ट्रात ती ४३ होते. २०११ च्या जनगणनेनुसार दर सव्वीस लाख लोकांमागे एक मंत्री. जुन्नर आणि आंबेगाव मिळून लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या थोडी वर. म्हणजे वाट्याला जेमतेम पाव मंत्री. प्रत्यक्षात मात्र आंबेगावातून १९९० पासून सातत्याने निवडून येणारे दिलीप वळसे पाटील यांनी १९९९ नंतर अनेक खाती सांभाळली, विधानसभेचे अध्यक्षपद भूषविले, २०२१ साली ते गृहमंत्री झाले. तेव्हा उणीव मंत्रिपदाची नाही. मंत्री निवडून येतो तो मतांच्या संख्येवर, आणि बुडितातील वाड्यावस्त्यांची मते पूर्वेकडील बागायती गावांच्या मानाने थोडी. कोणत्याही पक्षाचा, कितीही कर्तबगार मंत्री असला तरी हे गणित त्याला सोडीत नाही.

३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. मंत्री धावून आले, मदत आली, आमडे येथे नवे गाव बांधून एप्रिल २०१७ मध्ये त्याचे लोकार्पणही झाले. एका सकाळीत घडलेला अनर्थ मंत्रिमंडळाला दिसतो. वर्षानुवर्षे इंचाइंचाने चढणारे पाणी दिसण्यासाठी मात्र त्या पाण्याजवळ राहावे लागते. म्हणूनच तुवालूने २०२३ साली आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून, भूमी गेली तरी राष्ट्र कायम राहील, असे लिहून ठेवले. आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी करार करून दरसाल २८० नागरिकांना तेथे स्थायिक होण्याची वाट मोकळी करून घेतली. करार पुरेसा आहे की नाही यावर तेथे वाद आहेत. पण जाणाऱ्यांच्या वतीने बोलणी करणारे त्यांच्यातलेच होते.

डिंभ्याच्या काठी असे बोलणारे मंत्रिमंडळाबाहेर उभे राहिले. खाली न जाता अनेक कुटुंबे डोंगराच्या अंगाने वर सरकली. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साह्याने त्यांनी जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, पडकईच्या जुन्या रीतीने उतारावर भातखाचरे रचली. या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तथापि पुरस्काराने आवर्तनाची तारीख ठरत नाही. ती ठरते कालवा सल्लागार समितीत, जेथे लाभक्षेत्राचा आवाज स्वभावतःच मोठा असतो. डिंभे ते माणिकडोह बोगद्याच्या प्रस्तावावरून जो कलह माजला तोही पाणी खाली कोणी न्यावे याचाच. वर कोणाला प्यावयास उरेल, हा प्रश्न त्यात मागेच पडतो. धरण उशाशी असून पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते.

मंत्रिमंडळात पाव मंत्रीही न मिळणाऱ्यांना निदान या समितीत एक हक्काची खुर्ची देण्यास घटनादुरुस्ती लागत नाही. धरणग्रस्त म्हणून, लाभधारक म्हणून नव्हे. पाणी ओसरलेल्या गाळावर पेरणी करणाऱ्याला पाणी केव्हा आणि किती सोडणार हे आधी कळले, तर बी कधी टाकावे हे तो ठरवू शकेल. मासेमारांच्या संस्थेला मत्स्यबीज केव्हा सोडावे हे ठरविता येईल. आणि काठच्या वाड्यांसाठी मे महिन्यापुरते किती पाणी राखावयाचे, हा आकडा आवर्तनाच्या आकड्याशेजारी त्याच इतिवृत्तात लिहिला जाईल.