स्कॅनरने सेन्सरचं नाव घेतलं, गुन्हा शाबीत नाही केला

पेडण्याहून हरमलमार्गे आलेली गाडी केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत उभी राहते. इंजिन बंद होतं. बोट पलीकडे तेरेखोलला लागते, चावी फिरवावी तर नुसता सेल्फ फिरत राहतो, गाडी काही पकडत नाही. चार प्रयत्नांनी पकडते आणि मग दिवसभर कुरकुर नाही. असं दोन-तीनदा झालं की चेक लाइट लागते, स्कॅनिंग होतं, पडद्यावर पी०३४० उमटतो आणि ते ठरलेलं वाक्य कानावर येतं : ‘कॅमशाफ्ट सेन्सर गेला, नवा टाका.’ नवा टाकतात. काही दिवसांनी तोच कोड पुन्हा हजर. मग ‘सेन्सर डुप्लिकेट निघाला’ म्हणून आणखी एक!

गैरसमज : स्कॅनरने सेन्सर सांगितला, म्हणजे सेन्सरच खराब.

वस्तुस्थिती : स्कॅनर असं सांगतच नाही. कोडांचे अर्थ एसएई जे२०१२ आणि आयएसओ १५०३१-६ या मानकांत ठरलेले आहेत. त्यांत पी०३४० म्हणजे कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरचं ‘सर्किट’. सर्किटमध्ये सेन्सर आला, तशा त्याच्या वायरी, कपलर, अर्थिंग आणि दुसऱ्या टोकाचा ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणकही आला. सिग्नल अधूनमधून तुटत असेल तर पी०३४४ हा वेगळा कोड आहे. कॅम आणि क्रँक यांचा मेळ बसत नसेल तर पी००१६. तीन वेगळ्या तक्रारी आणि तिन्हींवर उतारा एकच, नवा सेन्सर? याला निदान म्हणायचं की नवस? कोड ही फिर्याद असते. साक्षीपुरावे व्हायचे असतात.

ईसीयूला हा सिग्नल हवा कशाला, ते आधी पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. त्यामुळे पिस्टन वर आला एवढं क्रँक सेन्सर सांगतो, पण तो कॉम्प्रेशनला आला की एक्झॉस्टला, हे कॅमच्या सिग्नलवरून कळतं. सुरू होताना हा सिग्नल नसेल तर बऱ्याच गाड्या उशिरा पकडतात. एकदा मेळ जुळला की मात्र अनेक इंजिनं केवळ क्रँकच्या भरवशावर चालत राहतात. म्हणून ‘सुरू झाल्यावर तर मस्त चालते’ याने दोष नसल्याचं सिद्ध होत नाही.

मग नेमकं धक्क्यावरच का? इंजिन बंद झालं की वॉटर पंप थांबतो, समोरून येणारा वाराही थांबतो. तापलेल्या हेडमधली उष्णता आजूबाजूच्या भागांत उतरत राहते आणि बॉनेटखालचं तापमान काही काळ उलट वाढतं. सेन्सरच्या आतला एखादा सांधा किंवा कपलरमधली सैल पिन नेमकी त्या वेळी दगा देते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. संध्याकाळी गॅरेजमध्ये नेलेल्या थंड गाडीत काहीच सापडत नाही, ते यामुळेच. शिवाय तापलेला क्रँक सेन्सरही असाच छळतो. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत असेल तर संशय आधी तिकडे न्यावा.

आता तपास. कोड पुसण्यापूर्वी फ्रीज फ्रेम लिहून घ्या. कोड पडला त्या क्षणीचं कूलंटचं तापमान, आरपीएम आणि वेग त्यात असतात, आणि कोडाबरोबर तीही पुसली जाते. सर्वांत मोठा पुरावा फुकट मिळतो आणि पहिल्याच मिनिटाला नष्ट केला जातो, याचा संताप येतो. नंतर इंजिन चालू ठेवून लाइव्ह सिग्नल बघत वायरिंग हलवा. सिग्नल तुटला तर जागा सापडली. तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर सप्लाय तपासा, आणि इग्निशन चालू ठेवून त्याची अर्थ पिन व बॅटरीचा निगेटिव्ह यांतला फरक मोजा; तो ०.१ व्होल्टच्या आत हवा. शेवटी हेअर ड्रायरने सेन्सर तापवा. तापल्यावर सिग्नल गेला आणि गार झाल्यावर परतला, तर सेन्सर दोषी. तेव्हा खुशाल बदला.

ऑसिलोस्कोप असेल तर क्रँक आणि कॅमचे सिग्नल एकाखाली एक लावा. कॅमचा सिग्नल मधूनच गायब होत असेल तर दोष विजेचा. सिग्नल अखंड आहे, पण क्रँकच्या तुलनेत पुढेमागे सरकलाय, तर टायमिंग चेन, तिचा टेन्शनर किंवा व्हीव्हीटीकडे (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेकडे) वळा. अनेक गाड्यांच्या क्रँकचाकावर ६० दातांची जागा असून २ दात गाळलेले असतात. एका दाताला ६ अंश, त्यामुळे सरकणं मोजताही येतं. मात्र व्हीव्हीटी स्वतःच कॅम पुढेमागे करतो, म्हणून तुलना आयडलला करावी.

गैरसमज : चेनने दात सोडला असेल. सोडलेला दात आपणहून परत बसत नाही. आज दिसणारा आणि उद्या नाहीसा होणारा दोष तसा नसतो. ढिला टेन्शनर किंवा ऑइलचा अपुरा दाब मात्र तसा वागू शकतो.

गैरसमज : खाऱ्या हवेने सेन्सर खाल्ला. खारी हवा आधी गाठते कपलरच्या पिना आणि अर्थिंगचे बोल्ट. हिरवट थर तिथे शोधा, आणि पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही.

गैरसमज : बॅटरीची वायर काढून लावली, लाइट गेली, काम झालं. नोंद पुसली गेली, दोष जागच्या जागी आहे.

गैरसमज : नव्या पेट्रोलमुळे हा कोड येतो. कॅम सेन्सर सहसा चुंबकीय तत्त्वावर चालतो. टाकीत काय ओतलं याचा त्याला पत्ता नसतो.

गैरसमज : जाड ऑइल घातलं की आवाजही जातो आणि कोडही. व्हीव्हीटी बारीक वाटांतून येणाऱ्या ऑइलच्या दाबावर हलतो. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर तेच घाला.

गैरसमज : टायमिंग चेन जन्मभर टिकते. तिच्या पिना झिजतात आणि चेन लांबते. ऑइल वेळेवर बदललं नाही तर लवकरच.

एकदा बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी गॅरेजवाल्याला दोनच गोष्टी विचारा : फ्रीज फ्रेममध्ये काय होतं, आणि वायरिंग तपासलं का? उत्तर ‘स्कॅनरने सांगितलं’ एवढंच आलं, तर गाडी दुसरीकडे न्या.