चक्र फिरतंय, पण फोटो पोचला का?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नांदुरा तालुक्यातल्या कास्तकाराच्या हातात एक नवं काम आलं. सोयाबीनच्या किंवा पराटीच्या वावरात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि माहिती अ‍ॅपमध्ये भरायची. त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. पुढे हमीभावाने माल विकताना किंवा नुकसानीची मदत मागताना हीच नोंद पाहिली जाते. म्हणून फोटो सेव्ह होताना पडद्यावर फिरणारं ते गोल चक्र नीट समजून घेतलं पाहिजे.

‘चक्र फिरतंय म्हणजे काम चाललंय’ हा सगळ्यांत पक्का गैरसमज. चक्र हे नुसतं हलतं चित्र आहे. काम सुरू होताना अ‍ॅप ते दाखवतं आणि संपल्यावर काढून घेतं. मध्येच रेंज गेली आणि अ‍ॅप बनवणाऱ्याने किती वेळ थांबायचं याची मर्यादा घातलेली नसेल, तर काम बंद पडूनही चक्र फिरत राहतं. उलटही घडतं. अँड्रॉइडमध्ये पडदा रंगवणं आणि बोटाचा स्पर्श ओळखणं ही कामं एकाच मुख्य धाग्यावर (थ्रेडवर) चालतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. नवख्या प्रोग्रामरने फोटो जतन करण्याचं कामही त्याच धाग्यावर टाकलं, की चक्र उमटतच नाही किंवा गोठतं, आणि फोटो मात्र आत सेव्ह होत असतो. स्पर्शाला ५ सेकंद उत्तर मिळालं नाही, की अ‍ॅप प्रतिसाद देत नसल्याची सूचना येते. माणूस वैतागून अ‍ॅप बंद करतो आणि होत आलेलं काम वाया जातं. हे टाळायचं तर जतनाचं काम वेगळ्या धाग्यावर द्यावं लागतं.

चक्र दाखवल्यामुळेच उशीर होतो, असंही काही जण म्हणतात. पण उशीर फोटोच्या वजनामुळे होतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर उघडलेला फोटो मेमरीत सुमारे ४८ एमबी जागा घेतो. तो दाबून तीन-चार एमबीचा करायचा आणि मग फोनमध्ये लिहायचा. जुन्या, भरत आलेल्या फोनला याला वेळ लागणारच.

‘नांदुऱ्याच्या महामार्गालगतच्या १०५ फुटी हनुमानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर झटक्यात जातो, मग पिकाचाच का अडतो?’ हा प्रश्न रास्त आहे. व्हॉट्सअ‍ॅप सहसा फोटो लहान करून मगच पाठवतं. ४ एमबीचा मूळ फोटो म्हणजे ३२ मेगाबिट. धुऱ्यावर पाठवण्याचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल, तर ३२ सेकंद लागणारच. आणि व्हिडिओ सुरळीत दिसतो म्हणून फोटोही लगेच जाईल, असं नसतं. टॉवरच्या मानाने फोनची प्रक्षेपणशक्ती फारच कमी, म्हणून पाठवण्याचा वेग बहुधा घेण्याच्या वेगापेक्षा कमी असतो.

टक्क्यांची पट्टी चक्रापेक्षा बरी. टोरांटो विद्यापीठात ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये केलेल्या अभ्यासात लोकांनी टक्के दाखवणाऱ्या सूचकाला स्पष्ट पसंती दिली होती. पण ती ९९ वर थांबली म्हणजे फोन बिघडला असं नाही. टक्के पाठवलेल्या बाइटचे असतात. त्यानंतर सर्व्हरने फोटो तपासून, लिहून पोच द्यायची असते आणि तो वेळ पट्टीत सहसा धरलेला नसतो.

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे ‘फोटो दिसला, म्हणजे नोंद झाली’. फोटो आधी मेमरीत असतो, मग फोनच्या साठवणीत जातो आणि शेवटी सर्व्हरवर. पडद्यावरची छोटी प्रतिमा पहिल्याच टप्प्यात दिसू शकते. रेंज नसताना चांगलं अ‍ॅप फोटो फोनमध्ये ठेवतं आणि रेंज आल्यावर पाठवतं. तेव्हा एकट्या चक्रावर भागवणं ही बनवणाऱ्याची चूकच आहे, असं मी म्हणेन. ‘फोनमध्ये जतन झाला’, ‘पाठवायचा बाकी’, ‘नोंद पोचली’ अशा तीन वेगळ्या ओळी मराठीत दिसल्या पाहिजेत. ज्याच्या सातबाऱ्याचा प्रश्न आहे, त्याला एवढं कळण्याचा हक्क आहे.

चक्र थांबेना की अ‍ॅप काढून पुन्हा टाकायचं, हा गावोगावी मिळणारा सल्ला मात्र पाळू नका. पाठवायचा बाकी असलेला फोटो बहुतेकदा अ‍ॅपच्या स्वतःच्या साठवणीत असतो, आणि अ‍ॅप काढलं किंवा त्याचा डेटा पुसला की ती साठवण रिकामी होते. आधी रेंजमध्ये या, अपलोड झालं का पाहा आणि अ‍ॅपमधल्या गावाच्या यादीत आपला गट शोधा.