दोन ‘लेट’मधला फरक

‘उशीर’ या अर्थाचा लेट आणि ‘करू दे’ या अर्थाचा लेट. मराठीत ए एकच, म्हणून नागरीत दोन्ही एकसारखेच लिहावे लागतात. इंग्रजीत मात्र पहिल्यातला स्वर लांब आणि शेवटी किंचित इ-कडे झुकणारा, दुसऱ्यातला आखूड. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या लँग्वेज लॅबमध्ये पहिल्या वर्षाची मुलं ही जोडी ऐकत बसली होती. हेडफोनमध्ये दोन शब्द वाजतात आणि पडद्यावर ‘सारखे’ किंवा ‘वेगळे’ यावर क्लिक करायचं, एवढंच काम. थोड्याच वेळात सूर निघाला, ‘‘मॅडम, दोन्ही सेमच तं आहे!’’ सिरोंचाकडची एक मुलगी मात्र कुठेही न अडखळता पुढे चालली होती. तिच्या घरी तेलुगू बोलतात. तेलुगूत ऱ्हस्व ए वेगळा आणि दीर्घ ए वेगळा, दोघांना अक्षरंही स्वतंत्र. हा फरक तिला कुणी शिकवावा लागला नाही. गेट-गेट, वेट-वेट, पेन-पेन अशा सगळ्या जोड्या तिने सहज सोडवल्या.

पुढच्या पाठात चित्र पालटलं. सीट-शीट, सेल-शेल, सिप-शिप. आता ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी या पट्ट्यातली मुलं अडली. तिथे घरात झाडीबोली आहे आणि झाडीबोलीत श नाही. शाळेला ‘सारा’ म्हणतात, डोळ्याला ‘डोरा’. प्रमाण मराठीतला श ही मुलं शाळेत लिहायला शिकतात, पण लिहिता येणं वेगळं आणि वेगात कानावरून गेलेला श पकडणं वेगळं. त्याच रांगेत चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बंगाली वसाहतींतली मुलं होती. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची ही पुढची पिढी. बोलत्या बंगालीत स बहुतेक ठिकाणी श होतो. म्हणजे एका बाकावर सगळं स ऐकणारा, शेजारी सगळं श ऐकणारा, आणि गुण देणाऱ्या संगणकाला दोघंही नुसते ‘चूक’.

मला या खोलीत सर्वांत महत्त्वाची वाटली ती हीच गोष्ट. ‘आदिवासी भागातली मुलं, इंग्रजी कच्चं’ हे वाक्य चंद्रपूर-गडचिरोलीत इतक्या वेळा ऐकायला मिळतं की मुलांनीही ते खरं मानलेलं असतं. वास्तविक प्रत्येकाची चूक वेगळी असते आणि ती घरच्या भाषेवरून आधी ओळखता येते. व्हँकूव्हरमध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, वर्षाच्या आसपास पोचलेल्यांना बहुतेक कळत नव्हता. आपल्याला ढळढळीत वाटणारा त-ट चा फरक तिथल्या शिकल्यासवरल्या माणसालाही सहजासहजी ऐकू येत नाही. त्याला कुणी मठ्ठ म्हणत नाही.

लॅबची रचना साधी. पूर्वी लाकडी खोपटं, मध्ये काच आणि टेपरेकॉर्डर असायचे. आता जाळ्यात जोडलेले संगणक, माइक असलेले हेडफोन आणि पुढे शिक्षकाचा कन्सोल. कन्सोलवरून मॅडम हव्या त्या विद्यार्थ्याच्या कानात शिरतात, त्याचं ऐकतात, बाकीच्यांना न कळता त्याला दुरुस्त करतात. चारचौघांत चुकायची धास्ती असलेल्या मुलांसाठी हा आडोसा फार मोलाचा आहे.

आवाज साठवून भाषा शिकवण्याची कल्पना जुनी. ब्रिटिश अधिकारी ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाला जोडून १९१३ नंतर हिंदुस्थानातल्या भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या केल्या गेल्या, इथे यायच्या साहेबांच्या कानाला सवय व्हावी हाही त्यांचा एक उपयोग होता. सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह १९५७ मध्ये उडाला आणि मागे पडण्याच्या धास्तीने पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून परदेशी भाषांच्या प्रयोगशाळांना पैसा दिला. आपल्याकडे म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने पुण्यातल्या केंद्रात परप्रांतीय शिक्षकांना मराठी शिकवली. तिथे परकी भाषा आपली होती.

सुट्या शब्दांनंतर वाक्यं आली, आणि खरी गंमत तिथे. ‘ही शुड हॅव टोल्ड हर’ हे वाक्य वाजलं. कागदावर हे पाच शब्द प्रत्येकाला येतात. बोलणारा मात्र ‘ही शुडव टोल्डर’ असं काहीतरी म्हणतो. एका मुलाने ‘टोल्डर’ असा शब्द लिहून ठेवला आणि अर्थ काय म्हणून विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, ती ऐकणारा मनाने पाडतो. इंग्रजीत जोर पडलेला शब्द ठसठशीत येतो आणि मधले ‘हॅव’, ‘हर’ चेपले जातात. मराठीत अक्षरं इतकी चेपली जात नाहीत, त्यामुळे आपण प्रत्येक अक्षराची वाट बघत बसतो आणि तोवर वाक्य निघून जातं. मॅडमनी ते वाक्य आधी सावकाश, मग नेहमीच्या वेगात आणि पुन्हा सावकाश लावलं. मग मुलांना त्याच वेगात बोलून रेकॉर्ड करायला लावलं. जे स्वतः चेपून बोलता येतं ते ऐकूही येऊ लागतं, असं त्यांचं म्हणणं, आणि तासाच्या शेवटी ‘टोल्डर’वाल्याने पुढची दोन वाक्यं बिनचूक उतरवली.

यंत्राबद्दल एक सांगायलाच हवं. स च्या सिसकारीची ताकद वरच्या कंपनांत असते, श ची त्यामानाने खाली. साध्या फोनच्या लाइनीवरून साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, म्हणून फोनवर स आणि फ ची गल्लत होते. स्वस्त हेडफोन, दाबून लहान केलेल्या ध्वनिफिती आणि डोक्यावर खडखडणारा पंखा असला की झाडीबोलीच्या मुलाला श ऐकवणार तरी कसा? खरेदीच्या यादीत संगणकावर लाखो रुपये आणि हेडफोनवर उरलेसुरले, हा क्रम उलटा हवा.

दुसरी उणीव आवाजांची. विकत मिळणाऱ्या पाठांत बहुधा एक बाई आणि एक पुरुष, दोघंही लंडनचे असल्यासारखे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डेव्हिड पिसोनी आणि सहकाऱ्यांनी १९९१ आणि १९९३ मध्ये जपानी विद्यार्थ्यांना र-ल चा फरक शिकवून पाहिला. अनेकांच्या आवाजात सराव केलेल्यांना नवा माणूसही समजला, एकाच आवाजावर घोटलेल्यांना तो आवाज सोडून फारसं जमलं नाही. आमच्या मुलांना उद्या हैदराबादचा साहेब, केरळची नर्स, बंगळुरूच्या कंपनीतला मुलाखतकार यांचं इंग्रजी ऐकायचं आहे. त्यांचे आवाज लॅबमध्ये हवेत.

आणि आणखी एक काम या खोलीत होऊ शकतं. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना तिथल्या आदिवासींची माडिया भाषा माणसांच्या तोंडूनच ऐकत शिकावी लागली. भामरागड, एटापल्लीला आजही बाहेरून शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक येतात आणि त्यांच्यापुढे उभी राहणारी भाषा त्यांच्यासाठी पूर्ण परकी असते. रुग्ण काय सांगतो हे न कळणं तिथे परीक्षेतल्या गुणांपेक्षा फार महाग पडतं. इंग्रजीच्या तासाला मागे बसणारी माडिया मुलं या पाठांसाठी आवाज देऊ शकतात: पोट कुठे दुखतं, ताप कधीपासून, बाळ दूध पितं का. माइक समोर आहे, रेकॉर्डिंगची सोय आहे, दुपारी चारनंतर खोली रिकामी असते. शिक्षणशास्त्र आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना त्या वेळेत तिथे बसवायला विद्यापीठाच्या एका परिपत्रकापलीकडे फारसं काही लागणार नाही, फक्त आवाज देणाऱ्या मुलांना त्याचं रीतसर मानधन मिळालं पाहिजे.