पोचल्यावर फोन कर!

रविवारची पहाट. साडेचार वाजले आहेत. घरात सगळे गाढ झोपेत. तुम्ही मोबाइलच्या उजेडात पाण्याच्या दोन बाटल्या भरता, खिशात राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की टाकता, टायर दाबून बघता आणि हळूच दार उघडता. तेवढ्यात आतून आवाज येतोच.

‘‘आज किती?’’

‘‘दोनशे.’’

‘‘दोनशे किलोमीटर? परत कधी येशील?’’

‘‘साडेसातपर्यंत.’’

‘‘धुकं असेल तर थांब. आणि पोचल्यावर फोन कर!’’

तुम्ही फरीदाबादला राहत असा, नाशिकला किंवा नागपूरला, लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या प्रत्येक घरात हा संवाद थोड्याफार फरकाने होतोच. पूर्वी सायकल म्हणजे शाळा, दूधवाला आणि पोस्टमन. आता बँकेतले अधिकारी, डॉक्टर, शिक्षिका, निवृत्त आजोबा असे सगळेच सुट्टीच्या दिवशी शंभर-दोनशे किलोमीटर फिरून येतात. या मंडळींना नेमकं काय मिळतं आणि कोणत्या काळज्या सतावतात, चला, जाणून घेऊया.

स्पर्धा नाही, पण घड्याळ आहे

या जगात ‘ब्रेव्हे’ किंवा ‘बीआरएम’ हे शब्द वारंवार कानावर पडतात. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या जिवावर पूर्ण करायचं, एवढाच याचा अर्थ. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास. एका हंगामात ही चारही अंतरं पूर्ण केली की ‘सुपर रँडोनियर’ हा मान मिळतो. जगभरातल्या या उपक्रमाची सूत्रं फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेकडे आहेत आणि भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनियर्स हे काम बघते.

इथे पहिला, दुसरा असा नंबर काढत नाहीत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करून घ्यायची आणि वेळेत पोचायचं. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं. मागून गाडी घेऊन कुणी मदतीला येणार नाही. अंधारात पुढेमागे दिवे आणि अंगावर चमकणारं जॅकेट हवंच. सायकल महागडीच हवी असा काही नियम नाही, त्यामुळे साध्या हायब्रिड सायकलवर २०० किलोमीटर पूर्ण करणारेही असतात.

या सगळ्यांचं स्वप्न म्हणजे ‘पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’. १८९१ साली सुरू झालेली ही सुमारे १२०० किलोमीटरची फेरी आता दर ४ वर्षांनी होते आणि ती ९० तासांत पूर्ण करावी लागते. २०१९ आणि २०२३ मध्ये भारतातूनही अनेक सायकलपटू तिथे गेले होते.

आपल्या मातीतली माणसं

‘हे सगळं परदेशी लोकांचं काम’ असं तुम्हाला वाटत असेल तर थोडं थांबा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही जगातल्या सर्वांत खडतर शर्यतींपैकी एक. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पूर्ण केली. दवाखाना, नोकरी आणि घर सांभाळून ही माणसं तिथपर्यंत गेली, हे विशेष.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने तर २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. १५९ दिवसांच्या या प्रवासात कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटलं, तरी तिने सायकल सोडली नाही.

फरीदाबादचा रस्ता काय शिकवतो?

नोकरीनिमित्त तुम्ही महाराष्ट्रातून फरीदाबादला आला असाल तर सह्याद्रीतले घाट आठवून सुरुवातीला थोडं उदास वाटेल. पण इथेही अरवलीच्या टेकड्या आहेत. सूरजकुंड, बडखल आणि गुरुग्रामकडे जाणारा रस्ता या भागात छोटे छोटे चढउतार भेटतात. पायांची तयारी करायला ते पुरेसे आहेत.

लांबचा पल्ला हवा असेल तर दक्षिणेकडे मथुरेचा रस्ता आहे. बल्लभगड, पलवल, होडल, कोसी आणि मग मथुरा. जाऊन येऊन २०० किलोमीटर सहज ओलांडले जातात. महात्मा गांधींना एप्रिल १९१९ मध्ये जिथे अटक झाली ते पलवल स्टेशनही याच वाटेवर आहे. वाटेत पराठा-दही मिळतं, मथुरेत पेढे मिळतात. पण हा रस्ता ट्रकचाही आहे. उलट दिशेने येणारी मोटरसायकल, अचानक वळणारा ट्रॅक्टर आणि दिवा नसलेली ट्रॉली यांची सवय करून घ्यावी लागते. ट्रकच्या डाव्या बाजूला चिकटून कधीच चालवू नका. तिथे ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही.

ढाब्यावरच्या गप्पा

चहाच्या टेबलावर ही मंडळी वेगाबद्दल बोलत असतील असं तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात गप्पा सुरू होतात त्या दुखण्यांपासून.

‘‘यार, बसताच येत नाही!’’ ही पहिली तक्रार. यावर उपाय साधा आहे. पॅड असलेली सायकलची शॉर्ट्स घाला आणि तिच्याखाली दुसरा कपडा घालू नका, कारण शिवणी घासून जखमा होतात. लांब जाण्याआधी क्रीम लावा. जास्त मऊ सीट घेतली की त्रास कमी होतो, हा गैरसमज आहे. तुमच्या हाडांच्या मापाला बसेल अशी सीट महत्त्वाची.

दुसरी तक्रार गुडघ्याची. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा. सीट खूप खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा. तिसरी तक्रार बोटांना मुंग्या येण्याची. तळहातावर सतत दाब आल्याने नस दबते, म्हणून दर थोड्या वेळाने हात बदलून धरा.

मग विषय निघतो खाण्याचा. ‘भूक लागली की खाऊ’ असं म्हणणारा शंभराव्या किलोमीटरला गळून जातो. भूक लागण्याआधी खा आणि तहान लागण्याआधी प्या. दर पाऊण-एक तासाला केळं, चिक्की, खजूर किंवा गूळ-शेंगदाणे असं काहीतरी तोंडात टाका. पाण्यात मीठ-साखर किंवा ओआरएस घाला. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने शरीरातलं मीठ कमी होऊन चक्कर येऊ शकते. आपल्या आजीच्या डब्यातला राजगिऱ्याचा लाडू इथे महागड्या एनर्जी बारइतकाच कामाला येतो.

आणि कुत्री? मागे लागली तर घाबरून जोरात पळू नका. पळणाऱ्याच्या मागे ती आणखी जोरात धावतात. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा आणि शांतपणे चालत पुढे जा.

धुकं आणि हवा

दिल्ली परिसरात सायकल चालवायला थंडी सर्वांत छान, पण हवा सर्वांत वाईट तेव्हाच असते. निघण्याआधी हवेचा निर्देशांक बघायची सवय लावा. २०० च्या वर हवा ‘खराब’, ३०० च्या वर ‘अत्यंत खराब’ आणि ४०० च्या वर ‘गंभीर’ समजली जाते. जोरात सायकल चालवताना आपण एरवीपेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतो, त्यामुळे धूरही जास्त जातो. अशा दिवशी घरात ट्रेनरवर चालवा किंवा विश्रांती घ्या. दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाहेर पडूच नका.

डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यात समोरचं काही मीटरवरचंही दिसत नाही. दिवा कितीही चांगला असला तरी ट्रकवाल्याला तुम्ही उशिराच दिसता. सूर्य वर येईपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही.

तिच्यासाठी प्रश्न वेगळे

सायकल चालवणाऱ्या बायकांच्या गप्पांत एक विषय नक्की येतो, तो म्हणजे स्वच्छतागृह. लघवीला जावं लागू नये म्हणून अनेकजणी पाणीच कमी पितात. उन्हात तासन्‌तास सायकल चालवताना हे धोक्याचं आहे. वाटेतले पेट्रोलपंप, मोठे ढाबे आधीच नकाशावर हेरून ठेवा. पाळीच्या दिवसांचं सामान बॅगेत कायम असू द्या. सुरुवातीला रात्री एकटीने जाण्यापेक्षा दोघी-तिघींचा गट करा. आणि घरच्या पुरुषांनो, ‘‘मुलांचं कोण बघणार?’’ हा प्रश्न तुमच्या रविवारच्या वेळी निघत नसेल, तर तिच्या रविवारीही काढू नका.

परत फिरण्याची हिंमत

नवख्यांना सर्वांत मोठी भीती असते, ती अर्ध्यावर सोडावं लागण्याची. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांना सांगून निघालेलो असतो, मग परत कसं फिरायचं? पण वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांना विचारा. प्रत्येकाकडे अर्धवट राहिलेल्या राइडची एक तरी गोष्ट असते आणि तो ती न लाजता सांगतो.

विशेषतः ४०० आणि ६०० च्या राइडमध्ये रात्र जागावी लागते. डोळे मिटू लागले, सायकल आपोआप कडेला जाऊ लागली की पुढे रेटणं हा मूर्खपणा आहे. उजेड असलेल्या ढाब्यावर किंवा पेट्रोलपंपावर वीस मिनिटं झोपा. छातीत दुखलं, श्वास लागला, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि मदत मागा. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर लांबच्या राइडआधी तपासणी करून घ्या. राइड पुढच्या महिन्यात पुन्हा होणार आहे.

घरच्यांनाही सोबत घ्या

शेवटी त्या पहाटेच्या संवादाकडे येऊ. घरच्यांचा विरोध सायकलला नसतोच, त्यांची काळजी असते ती आपली खबर न मिळण्याची. म्हणून निघताना मार्ग सांगा, मोबाइलवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवा, ठरलेल्या थांब्यावरून एक मेसेज टाका. उशीर होणार असेल तर आधीच कळवा. हँडलच्या बॅगेत नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद ठेवा. महिन्यातला एक रविवार पूर्ण घरच्यांचा ठेवा. त्या दिवशी मुलांसोबत दहा किलोमीटरच चालवा, वाटेत जिलेबी खा आणि परत या.

आणि संध्याकाळी, पाय लटपटत असताना, चेहऱ्यावर धुळीचा थर घेऊन तुम्ही लिफ्टमध्ये शिराल तेव्हा कार्डावरच्या शेवटच्या शिक्क्याआधी एक काम करा. फोन काढा आणि सांगा, ‘‘पोचलो, खालीच आहे. चहा टाक!’’ किंवा त्याहून बरं, वर जाऊन आज चहा तुम्हीच टाका. दिवसभर वाट बघणाऱ्यालाही दोनशे किलोमीटरचा शीण आलेला असतो.