संकेतस्थळनिर्मिती : मराठी मजकूर आणि व्यावसायिक मानके

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :
• मराठी संकेतस्थळ ‘दिसणे’ आणि ‘सापडणे’ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• युनिकोड, पृष्ठाची भाषा व पर्यायी मजकूर या संकल्पनांचे महत्त्व सांगता येईल.
• सूचना, दुवे आणि चूकसंदेश सुबोध मराठीत लिहिता येतील.
• संकेतस्थळ विकसकाच्या व्यावसायिक जबाबदाऱ्या विशद करता येतील.

१. प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. जिल्हा म्हणून हिंगोलीचे सारे आयुष्य इंटरनेटच्या काळातच गेले आहे. सातबारा, जातीचा दाखला, भरतीची जाहिरात, पीक विम्याची माहिती अशा अनेक गोष्टींसाठी येथील नागरिक पूर्वी कार्यालयाच्या फलकासमोर उभा राहत असे. आज तो आधी मोबाईलचा पडदा पाहतो.

फलकावर लावलेली सूचना वाचता आली की तिचे काम संपत असे. संकेतस्थळावरील सूचनेचे तसे नाही. ती शोधता यावी लागते, लहान पडद्यावर व मंद जोडणीवर उघडावी लागते आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या संगणकाला ती मोठ्याने वाचून दाखवता यावी लागते. ही कामे प्रामुख्याने संकेतस्थळ विकसकाची, म्हणजे वेब डेव्हलपरची, मानली जातात. परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक कामे भाषेची आहेत. म्हणूनच मराठीच्या अभ्यासकाने हा विषय समजून घेणे आवश्यक ठरते.

या घटकाचे मुख्य सूत्र असे की, संकेतस्थळाचा दर्जा विकसकाच्या पडद्यावर ठरत नाही. तो सर्वांत अडचणीत असलेल्या वाचकाच्या हातात ठरतो.

२. विषय-विवेचन

२.१ दिसणारे अक्षर आणि साठवलेले अक्षर

संगणक अक्षराची आकृती साठवत नाही. तो अक्षराचा क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ स्थाने नेमून दिली आहेत. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटमध्ये टंकलिखित होत असे. तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. युनिकोडमुळे हा प्रश्न बहुतांशी सुटला. पण एक सूक्ष्म प्रश्न मागे उरला. ‘औंढा’ या गावाच्या नावावरून तो समजून घेऊ.

युनिकोडमध्ये ‘औ’ या स्वराला स्वतंत्र क्रमांक आहे. मात्र एखाद्या टंकलेखकाने आधी ‘अ’ टंकून त्याला औकाराची मात्रा जोडली, तर काही पडद्यांवर ते अक्षर हुबेहूब ‘औ’सारखेच दिसते. काही पडद्यांवर मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करतानाही अशी अक्षरे तयार होतात. माणसाच्या डोळ्यांना दोन्ही ‘औंढा’ सारखेच वाटतात. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी नावे असतात. एक नाव शोधले असता दुसरे सापडत नाही.

समजा, लाभार्थ्यांच्या यादीत गावाचे नाव दुसऱ्या पद्धतीने टंकलेले आहे. औंढ्याचा शेतकरी आपल्या मोबाईलवर योग्य रीतीने ‘औंढा’ असे लिहून शोध घेतो. पडद्यावर उत्तर येते : ‘नोंद आढळली नाही.’ यादीत त्याचे नाव आहे, तरीही आपण अपात्र ठरलो असे समजून तो परत फिरतो. येथे नियम मोडलेला नाही, कोणी लबाडीही केलेली नाही. केवळ एका मात्रेमुळे माणूस आपल्या हक्कापासून दूर राहिला आहे.

असाच प्रकार ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचा आहे. यातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त करून, किंवा साध्या ‘र’च्या हलन्तानंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण साठवली जातात वेगळी. ते जोडचिन्ह मजकुराची नक्कल करताना गळून पडले, तर अर्ध्या रच्या जागी रफार येतो आणि शब्द अशुद्ध होतो. शेतीविषयक संकेतस्थळावर हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या तपशिलाचे महत्त्व कळते.

तिसरे उदाहरण लेखनभेदाचे आहे. ‘वसमत’ आणि ‘बसमत’ ही एकाच गावाची दोन्ही नावे प्रचारात आहेत. त्यांपैकी कोणते योग्य, हा वाद विकसकाने सोडवायचा नसतो. कोणत्याही नावाने शोध घेतला तरी तेच गाव सापडेल, अशी व्यवस्था मात्र त्याने करायची असते.

यावरून तीन व्यावहारिक नियम निघतात :
१. मजकूर साठवण्यापूर्वी एकाच दृश्यरूपाचे निरनिराळे टंकन एका ठरावीक रूपात आणावे. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण ‘औ’ची दोन रूपे एकत्र करत नाही, म्हणून ही पायरी विकसकाला स्वतंत्रपणे लिहावी लागते.
२. गावे व तालुके शक्यतो टंकून घेऊ नयेत. यादीतून निवडू द्यावेत.
३. देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारावेत. गट क्रमांक मराठी अंकांत लिहिला म्हणून अर्ज नाकारणे हा संकेतस्थळाचा दोष आहे, अर्जदाराचा नव्हे.

> स्वयंअध्ययन प्रश्न – १
> (अ) दोन शब्द सारखे दिसत असूनही संगणकाला ते वेगळे का वाटतात?
> (आ) ‘वसमत’ व ‘बसमत’ यांबाबत विकसकाचे कर्तव्य कोणते?

२.२ पृष्ठाची भाषा सांगणे

प्रत्येक पृष्ठाच्या सांकेतिक मजकुरात ते कोणत्या भाषेत आहे याची नोंद करता येते. मराठीसाठी ‘एम-आर’ ही दोन अक्षरी खूण ठरलेली आहे. अनेकदा ही नोंद राहून जाते, किंवा तयार साच्यात असलेली इंग्रजीची खूण तशीच राहते. वाचकाला ही चूक दिसत नाही. दृष्टिहीन वाचकाला मात्र ती ताबडतोब ऐकू येते. पडदावाचक, म्हणजे पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखवणारी आज्ञावली, कोणत्या भाषेच्या आवाजात वाचावे हे बहुधा या खुणेवरूनच ठरवते. खूण इंग्रजीची असेल, तर मराठी मजकूर विद्रूप उच्चारला जातो किंवा गाळला जातो.

या खुणेचा लिपीशीही संबंध आहे. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली आहे. फाँटमध्ये दोन्ही वळणांची सोय असेल आणि पृष्ठाची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल, तर वाचकाला मराठी वळणाचे अक्षर दिसते.

२.३ सुगम्यता : सोय नव्हे, हक्क

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. तिने सुगम्यतेसाठी चार तत्त्वे सांगितली आहेत : आशय इंद्रियांना जाणवावा, हाताळता यावा, समजावा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकावा. भारतात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४६ नुसार शासकीय आणि खासगी अशा दोन्ही सेवादात्यांवर सुगम्यतेचे बंधन आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे सुगम्यता ही आता उपकाराची बाब राहिलेली नाही.

व्यवहारात सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे छापील परिपत्रकाचे छायाचित्र काढून ते संकेतस्थळावर टाकणे. छायाचित्रातील अक्षरे पडदावाचकाला सहसा वाचता येत नाहीत, शोधात सापडत नाहीत आणि मोठी करू गेल्यास पडद्याबाहेर जातात. शिवाय ते जड असते. प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट जागा घेते. म्हणजे हजार चिन्हांचा मजकूर सुमारे तीन हजार बाइटमध्ये मावतो. त्याच मजकुराचे छायाचित्र सहज शंभरपट मोठे असू शकते. ज्या वस्तीवर मोबाईलची जोडणी मंद आहे, तेथे हा फरक पान उघडण्याचा आणि न उघडण्याचा असतो.

चित्र आवश्यकच असेल, तर त्याला पर्यायी मजकूर द्यावा. ‘फोटो १’ हा पर्यायी मजकूर नव्हे. ‘औंढा नागनाथ मंदिर : खालचा भाग कोरीव काळ्या दगडाचा, वर पांढरे शिखर’ असे लिहिल्यास न पाहणाऱ्यालाही चित्राचा अर्थ मिळतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर सर्वसाधारण मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, असे मानक आहे. फिक्या करड्या रंगातील अक्षरे खोलीत देखणी दिसतात. भर उन्हात शेताच्या बांधावर ती वाचता येत नाहीत.

२.४ संकेतस्थळावरील मराठी लेखन

संकेतस्थळावरील वाक्य हे काम करणारे वाक्य असते. वाचकाने पुढे काय करावे, हे त्याने सांगितले पाहिजे. पुढील उदाहरणे पाहा.

• ‘अवैध प्रविष्टी’ याऐवजी : ‘मोबाईल क्रमांकात दहा अंक हवेत, आपण नऊ लिहिले आहेत.’
• ‘येथे क्लिक करा’ याऐवजी : ‘पीक विम्याच्या अर्जाचा नमुना उतरवून घ्या.’
• ‘विहित मुदतीत सादर करणे अनिवार्य’ याऐवजी : ‘अर्ज ३१ जुलै, सायंकाळी ५ वाजेपर्यंत भरा.’

पहिल्या संदेशात दोष नेमका कळतो. दुसऱ्यात दुवा कोठे नेणार हे कळते. पडदावाचक वापरणारे अनेकदा पानावरील केवळ दुव्यांची यादी ऐकतात, म्हणून दुव्याचे शब्द स्वतंत्रपणे अर्थपूर्ण असावे लागतात. तिसऱ्यात नेमका दिवस मिळतो. साधेपणा म्हणजे भाषेची घसरण नव्हे. वाचकाचा वेळ वाचवणे हाही भाषेचा गुण आहे.

प्रत्येक पानावर ‘शेवटचा बदल’ दिनांकासह द्यावा. महाराष्ट्रात २०२३ च्या खरीप हंगामापासून शेतकऱ्याला एक रुपयात पीक विमा मिळत होता. २०२५ मध्ये ही सवलत बंद झाली. त्यानंतरही ज्या पानावर ‘केवळ एक रुपया’ असा मजकूर राहिला असेल, ते पान शुद्ध मराठीत असूनही वाचकाची दिशाभूलच करते. जुनी माहिती काढून टाकणे किंवा ती जुनी आहे असे ठळकपणे लिहिणे, हे नवी माहिती घालण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

२.५ विकसकाची व्यावसायिक जबाबदारी

लहान गावात संकेतस्थळ बनवणारा विकसक बहुधा एकटाच काम करतो. एखादी शाळा, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा हळदीचा व्यापारी त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकतो, कारण त्यांना तांत्रिक बाजू तपासता येत नाही. ज्ञानातील ही विषमता डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील विषमतेसारखी आहे; म्हणून येथेही सचोटीचे नियम आवश्यक ठरतात.

(१) *मालकी* : संकेतस्थळाचे नाव ग्राहकाच्याच नावे नोंदवावे. सर्व परवलीचे शब्द आणि मजकुराची प्रत काम संपताच त्याच्या हवाली करावी. ती अडवून ठेवणे म्हणजे घर बांधून किल्ली स्वतःपाशी ठेवण्यासारखे आहे.

(२) *लेखी करार* : काम, मुदत, मोबदला आणि पुढील देखभालीचा खर्च आधीच लिहून ठरवावा. तोंडी ठरलेले काम दोघांच्याही आठवणीत वेगवेगळे राहते.

(३) *माहितीचे रक्षण* : गरज नसलेली माहिती मागू नये. स्नेहसंमेलनाच्या नोंदणीसाठी आधार क्रमांक कशाला हवा? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीला देण्याची तरतूद आहे. मराठी ही त्यांपैकी एक भाषा आहे. न समजणाऱ्या भाषेत घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे.

(४) *इतरांच्या श्रमाचा आदर* : छायाचित्रे, फाँट व लेख परवानगीशिवाय उचलू नयेत.

(५) *दोषाची कबुली* : चूक आढळल्यास ग्राहकाला स्वतःहून सांगावी. माहिती फुटली असेल, तर मौन बाळगणे हा दुसरा अपराध ठरतो.

(६) *प्रत्यक्ष चाचणी* : काम सुपूर्द करण्यापूर्वी ते स्वस्त मोबाईलवर, मंद जोडणीवर आणि विकसक नसलेल्या व्यक्तीकडून वापरून पाहावे. ती व्यक्ती अडखळते तेथे तिला मदत न करता टिपण करावे. ते टिपण हाच कामाचा खरा अहवाल होय.

> स्वयंअध्ययन प्रश्न – २
> (अ) छायाचित्ररूपातील परिपत्रकाचे तीन तोटे सांगा.
> (आ) ‘शेवटचा बदल’ दिनांक का आवश्यक आहे?

३. सारांश

मराठी संकेतस्थळासाठी केवळ देवनागरी अक्षरे दिसणे पुरेसे नसते. ती एकरूपतेने साठवलेली व शोधता येणारी असावी लागतात. पृष्ठाच्या भाषेची नोंद आणि पर्यायी मजकूर यांमुळे दृष्टिहीन वाचकाचा हक्क जपला जातो. नेमके शब्द, स्पष्ट दिनांक आणि कृती सुचवणारी वाक्ये ही उपयोजित मराठीची लक्षणे होत. मालकी, संमती, गोपनीयता व सचोटी यांचे पालन केल्याने विकसकाचे काम व्यवसायाच्या दर्जाला पोहोचते. ‘नोंद आढळली नाही’ हे वाक्य पडद्यावर उमटण्यापूर्वी नोंद खरोखरच नाही याची खात्री करणे, हे विकसक आणि भाषाभ्यासक या दोघांचेही काम आहे.

४. पारिभाषिक शब्द

*युनिकोड* : जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी संकेतप्रणाली.
*सुगम्यता* : दिव्यांगांसह सर्वांना वापरता येण्याची स्थिती.
*पडदावाचक* : पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखवणारी आज्ञावली.
*पर्यायी मजकूर* : चित्राचा आशय सांगणारे, चित्राला जोडलेले शब्द.
*सामान्यीकरण* : निरनिराळ्या टंकनरूपांना एका रूपात आणणे.

५. स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) संगणक आकृती नव्हे, तर अक्षरांचे क्रमांक साठवतो. समान आकृतीमागे भिन्न क्रमांक असू शकतात. (आ) दोन्ही नावांनी तेच गाव सापडेल अशी व्यवस्था करणे.
२. (अ) पडदावाचकाला सहसा वाचता येत नाही. शोधात सापडत नाही. जड असल्याने मंद जोडणीवर उघडत नाही. (आ) माहिती आजही लागू आहे किंवा नाही, हे वाचकाला ठरवता यावे म्हणून.

६. सरावासाठी स्वाध्याय

१. ‘संकेतस्थळाचा दर्जा सर्वांत अडचणीतील वाचकाच्या हातात ठरतो’, या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. संकेतस्थळ विकसकाची आचारसंहिता आपल्या शब्दांत लिहा.

७. क्षेत्रीय कार्य

आपल्या तालुक्याशी संबंधित एका संकेतस्थळाची पाने मोबाईलवर उघडा. आपल्या गावाचे नाव शोधून पाहा, पाच दुव्यांचे शब्द तपासा आणि दोन चूकसंदेश सुबोध मराठीत पुन्हा लिहा. निरीक्षणांची दोन पानी नोंद तयार करून अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रात सादर करा.